आठव्या चालीला मात

वडवणीच्या स्टँडवर आमची गाडी पंचवीस मिनिटं थांबायची. कंट्रोलरच्या खिडकीवर नोंद, नळावर तोंड धुणं आणि अर्धा अर्धा चहा यात सात-आठ मिनिटं जायची. उरलेल्या वेळात अण्णा आणि मी बुद्धिबळ खेळायचो. अण्णा ड्रायव्हर, मी कंडक्टर. बीड ते वडवणी आणि परत, दिवसाला दोन फेऱ्या. डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरच्या जोड्या सारख्या बदलत असतात, पण आमची सहा वर्षं टिकली. मी त्यांच्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. तरी ते मला 'मास्तर' म्हणायचे, कंडक्टरला सगळेच म्हणतात तसं. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि तसंच मानायचोही.

पट माझा होता. वहीएवढा, मधोमध दुमडणारा, लोहचुंबकाच्या मोहऱ्यांचा. तो माझ्या पत्र्याच्या पेटीत तिकिटाच्या मशीनशेजारी बसायचा. स्टँडच्या मागच्या बाजूला एक सिमेंटचा बाक होता. त्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं बसायचो आणि मधे पट उघडायचो.

अण्णा बुद्धिबळ शिकले ते एका कारखान्याच्या तळावर. त्यांचे आईवडील ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की सगळं घर बैलगाडीत घालून निघायचं. तिथल्या ऊस तोलायच्या काटाघरातल्या एका म्हाताऱ्या माणसानं या पोराला खेळ शिकवला. मोहरे कसले? उसाच्याच कांड्या. जाड कांडी राजा, तिला खाच पाडली की वजीर, बारीक कांड्या म्हणजे प्यादी. आठ दिवसांत त्या सुकून आकसायच्या, मग दुसऱ्या कापायच्या. अण्णा हे सांगताना हसायचे. "वजीर हरला की आमी खाऊन टाकायचो मास्तर. तोच लई गोड असायचा."

त्यांचा खेळ सावकाश. मोहऱ्याला बोट लावायचे, बोट काढायचे, गळ्याभोवतीच्या रुमालानं कपाळ पुसायचे, पुन्हा बोट लावायचे. तेवढ्यात कंट्रोलर गाडीचा पुकारा करायचा. मग मी पट तसाच अलगद मिटून पेटीत ठेवायचो आणि डाव संध्याकाळच्या फेरीला पुढे चालू. एक डाव कधीकधी तीन-तीन दिवस चालायचा. रस्त्यानं गाडी चालवतानाही त्यांच्या डोक्यात तोच असणार. मधेच मागे न बघता ते मोठ्यानं म्हणायचे, "मास्तर, तुझ्या घोड्याचं काय खरं न्हाई आता." पुढच्या सीटवरचे प्रवासी माझ्याकडे बघायचे.

मला मात्र जिंकायची घाई असायची. सावकाश खेळात मी त्यांच्यापुढे टिकत नव्हतो. तीन दिवस डाव चालायचा आणि तिसऱ्या दिवशी मी हरायचो. मग मोबाइलवर मला ते व्हिडिओ सापडले. सात चालींत मात, आठ चालींत मात, समोरच्याला कळायच्या आत डाव खलास. मी एकेक सापळा पाठ करायला लागलो.

त्यातला एक माझा लाडका होता. अण्णांकडे पांढरे मोहरे असले की ते कायम वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकलायचे, दुसरं काही नाही. त्यावर मी माझं राजापुढचं प्यादं त्यांना फुकट खाऊ द्यायचं. ते खूश. मग माझा वजीर हळूच बाहेर यायचा, त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन शह द्यायचा आणि तिथलं एक प्यादं उचलायचा. समोरच्याला वाटतं, आला की हा आतमध्ये, आता याला धरू. तो आपला उंट वजिरावर रोखतो आणि तिथेच फसतो. उंटाच्या अंगावर उंट घालायचा, मारामारी होऊ द्यायची, आणि आठव्या चालीला वजीर शेवटच्या ओळीत. मात.

पहिल्यांदा लावला तेव्हा चहाचा पेला अण्णांच्या हातातच होता.

"आरं, हे काय झालं?"

"मात झाली, अण्णा."

"आत्ताच तर बसलोतो की!"

त्यांनी पेला खाली ठेवला, पटाकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की चहावालासुद्धा बघायला आला. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी बोट वर केलं. "थांब. इथं उंट न्हाई. घोडा काढायचा." आणि बरोबर घोडा काढला. त्या दिवसापासून तो सापळा त्यांच्यापुढे मेला. मी नवा शिकायचो, ते दोन-तीनदा फसायचे आणि तोही मारून टाकायचे. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. त्यात आमचे दिवस फार चांगले गेले, हे मला आता कळतं.

नंतरच्या दिवाळीच्या पुढेमागे, एकदा सहज गंमत म्हणून मी तो जुना, आठ चालींचाच सापळा लावला. अण्णा फसले. मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी लावला, पुन्हा फसले. मग मी थांबलोच नाही. कधी तो, कधी त्याचाच भाऊ असलेला दुसरा. दहा मिनिटांत डाव संपायचा आणि मी उरलेला वेळ पाय पसरून बसायचो. एकदा तर माझ्या वजिरानं शह दिलेला असताना त्यांनी भलतंच प्यादं सरकवलं.

"अण्णा, शह हाय तुमाला."

"कुठं?"

"हे काय, वजीर."

त्यांनी मान वळवून पटाच्या कडेला बघितलं. "हां हां," म्हणाले आणि चाल परत घेतली.

मी डेपोत सांगत सुटलो. अण्णाला रोज आठ चालींत मारतो म्हणून. हजेरीच्या रांगेत पोरं त्यांना छेडायला लागली. "काय अण्णा, आज सातव्या चालीला का?" ते हसून न्यायचे. पण त्यांचं ते चहावाल्याला बोलावणारं हसू बंद झालं होतं. एके दिवशी त्यांनी शर्टाच्या खिशातून दुमडलेली वही काढली. बारीक अक्षरात त्यांनी माझे सगळे सापळे लिहून काढले होते. कुठल्या चालीला काय उत्तर, सगळं.

"चाल पाठ हाय बे माझी," ते म्हणाले. "पोरगं कविता म्हणतं तसं म्हणून दाखवतो. पण तुझा वजीर तिथं कवा येतो, तेच कळंना."

मी हसलो. "तेच तर कसब हाय, अण्णा."

हे वाक्य मी बोललो. ते वहीकडे बघत राहिले. तिच्यातलं प्रत्येक पान डाव्या बाजूला अर्धं कोरं होतं. मला ते दिसलं होतं. वाटलं, काहीतरी लिहायला जागा सोडली असेल.

माघ-फाल्गुनाच्या सुमाराला एकदा काळे मोहरे अण्णांकडे आले. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी लहान पोरांना लावतात ती चार चालींची मात लावली. वजीर आणि उंट घेऊन सरळ राजाशेजारच्या प्याद्यावर. नवशिका माणूस दोनदा फसतो आणि जन्मभर पुन्हा फसत नाही. अण्णा चाळीस वर्षं खेळत होते. ते फसले.

मला आनंद झाला नाही. पहिल्यांदाच झाला नाही. अण्णांनी मोहरे गोळा केले. गोळा करताना त्यांच्या डाव्या हाताचे तीन मोहरे पटावर तसेच राहिले आणि त्यांनी पट मिटायला घेतला.

परतीच्या फेरीत रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती. आमची गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की डाव्या बाजूचा आरसा खाडकन आत वळला आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या पदरावर पाचट पडलं. अण्णांनी गाडी थांबवली नाही. पुढच्या थांब्यावर उतरून आरसा सरळ करत ते म्हणाले, "स्टँडवर कुणी वाकवला बे हा?"

मी दारात उभा होतो. तिथे उभ्याउभ्या मला एकेक आठवत गेलं. पांढरे मोहरे असोत की काळे, मी ज्या बाजूनं जिंकत होतो ती दर वेळी अण्णांची डावी बाजू होती.

दुसऱ्या दिवशी वडवणीला मी पट उघडला, पांढरे मोहरे त्यांच्या पुढ्यात नीट मांडले आणि म्हणालो, "अण्णा, जरा मोजा बरं. सगळे हायेत का."

ते बोट लावून मोजायला लागले. उजवीकडून सुरुवात केली आणि मधे येऊन थांबले. "दहा."

"नीट मोजा."

"दहाच हायेत. सहा हरवले की काय?" आणि ते बाकाखाली वाकून शोधायला लागले. मग माझी पेटी उचलून तिच्यात बघितलं. "काल मिटताना पडले असतील. माझ्याच हातून पडले असतील."

मी त्यांच्या हनुवटीला हात लावला आणि त्यांचं तोंड डावीकडे वळवलं. अण्णांच्या चेहऱ्याला मी आधी कधी हात लावला नव्हता. दाढीचे खुंट बोटांना टोचले. त्यांनी पटाकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"आता कुठून आले हे?"

"तिथंच होते, अण्णा. तुमाला डावीकडचं दिसत न्हाई."

त्यांनी माझा हात झटकला. चिडलेले अण्णा मी त्या सहा वर्षांत दोनदाच पाहिले, त्यातली ही एक वेळ. "सापळे लावून जिंकतो, डेपोभर बोंबलत फिरतो, अन् आता मलाच आंधळा म्हणतो? ह्यो बी तुझा सापळाच हाय. मला सीटवरून उठवायचा."

गेले तीन महिने मी तेच तर करत होतो, बसवून फसवत होतो.

संध्याकाळच्या फेरीला बीडला पोचल्यावर, प्रवासी उतरून गेल्यावर, ते इंजिन बंद करून सीटवरच बसून राहिले. छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला होता. इतर ड्रायव्हर तो घरी ठेवतात, अण्णा रोज लावायचे. "मास्तर," ते पुढे बघतच म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली. एक कोंबडी सुदिक मेली न्हाई माझ्या गाडीखाली."

"माहीत हाय."

"उसाचा शिजन संपू दे. मग दाखवतो डॉक्टरला. तवर कुणाला बोलू नको."

मी हो म्हणालो.

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांचं मी काय सांगू? मी माझी मागची जागा सोडली आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायला लागलो. पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत मी बोलत राहायचो. "डावीकडं सायकल. डावीकडं बाई हाय, भारा घेऊन. शेरडं हायेत, जरा दाबा." अण्णा स्टिअरिंग फिरवायचे. प्रवाशांना वाटायचं, हा कंडक्टर आज काय ड्रायव्हरला शिकवायला लागलाय. त्या गाडीत शाळेच्या मुली असायच्या, दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणी असायच्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी एका माणसाचं मन राखत होतो आणि पन्नास माणसं त्यात बसवली होती. बुद्धिबळ आम्ही खेळलो नाही. वडवणीला ते गाडीतच बसून राहायचे.

दहावा दिवस बाजाराचा होता. गाडी दारापर्यंत भरलेली. टोपल्या, पाट्या, कोंबड्यांची खुराडी. मी तिकिटं फाडत फाडत मागे अडकलो. माणसांतून पुढे येता येईना. मी मागून ओरडत होतो, "अण्णा, सावकाश घ्या!" पण त्या गोंगाटात ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याला काहीतरी घासल्यासारखा आणि मग भांडं पडल्यासारखा. मागच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं. मी दोरी ओढून एक घंटी दिली. गाडी थांबली. आणि पुढून अण्णांचा नेहमीचा, शांत आवाज आला, "कोण उतरायचंय?"

खाली रस्त्याकडेला सायकल पडली होती. दुधाच्या दोन किटल्या लवंडलेल्या. चाळिशीतला माणूस धुळीत बसला होता आणि उजव्या हातानं डावा हात धरून दुधाकडे बघत होता. "माझं दूध," तो म्हणाला. हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळला होता. अण्णा उतरून आले आणि गर्दीत उभे राहून मला विचारलं, "कुणी पाडलं यांना?"

"आपण, अण्णा."

त्यांनी गाडीकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर त्यांना जे दिसायचं ते दिसलं असावं. त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला. मग त्या माणसाजवळ खाली बसले आणि आपल्या रुमालानं त्याचा हात गळ्यात बांधायला लागले. त्यांच्या डाव्या बाजूला येणारी गाठ त्यांना मारता येत नव्हती. ती मी मारली.

त्या माणसाचा हात पुढे बरा झाला. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. तो चांगला होता. मला चहा दिला. पण किटली उचलताना अजून दुखतं म्हणाला.

डेपोत आमचे जबाब झाले. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. साहेबांनी मला विचारलं, "यांना दिसत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

नऊ दिवस, एवढेच दोन शब्द होते. ते म्हटले असते तर माझी नोकरी राहिली नसती, आणि राहू नये हेच बरोबर होतं.

तेवढ्यात अण्णा बोलले. "मास्तरला काय म्हाईत, साहेब? माझं मलाच ठावं नव्हतं. ते बिचारे मागं तिकिटं फाडत होते."

साहेबांनी लिहून घेतलं. मी खाली बघत उभा राहिलो आणि सही केली.

संभाजीनगरच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. मेंदूच्या उजव्या अंगाला गाठ होती. "डोळे उत्तम आहेत यांचे," त्या म्हणाल्या. "पण डावीकडचं जग लक्षात घेणारा भाग दबलाय. तिकडे अंधार आहे असं यांना वाटत नाही. तिकडे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच महिने तरी झाले असतील. घरात, कामावर कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

अण्णा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. मी दिवाळीपासूनचे महिने बोटांवर मोजले. एवढे सगळे डाव मी जिंकलो होतो.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही. डावा पाय ओढत, डावा हात पोटाशी धरून अण्णा चौसाळ्याजवळच्या आपल्या गावी परत गेले. महिन्यातून दोनदा मी सुटीच्या दिवशी जायचो. ते ओसरीवर बाजेवर बसलेले असायचे. मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचो, म्हणजे मी त्यांना दिसायचो. पहिल्या काही वेळा आम्ही पावसाचं, डेपोचं, कोण रिटायर झालं याचं बोललो. मी पट नेला नव्हता. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "पट कुठं ठिवलास?"

"घरी हाय."

"आण की. कावून घाबरतोस?"

पुढच्या वेळी नेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. कुठल्याही गोष्टीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची, आणि आधी ती पट्टी शोधायची. ती सापडेपर्यंत मान वळवत राहायचं. त्यांच्या ताटाला, वहीला, आरशाला, सगळीकडे लाल चिकटपट्टी होती. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पटालाही लावून दिली.

आम्ही सावकाश खेळायला लागलो, पूर्वीसारखे. दोन-तीन चालींनंतर ते म्हणाले, "सापळा लावत न्हाईस तू."

"नको आता."

"लाव की बे. म्या काय मेलोय का?"

मी लावला. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं, मी माझं प्यादं फुकट दिलं. माझा वजीर त्यांच्या डाव्या अंगाला गेला. अण्णांनी मान वळवली. लाल पट्टी सापडेपर्यंत वळवत राहिले. मग बोट पट्टीवर ठेवून एकेक घर उजवीकडे सरकत आले. माझ्या वजिरावर बोट आलं तेव्हा थांबलं. "हा बघ. हिथं बसलाय." शहाला त्यांनी उंट आडवा घातला. मी प्यादं खाल्लं. त्यांनी पुन्हा पट्टीपासून सुरुवात केली. ऊन ओसरीवरून खाली अंगणात उतरलं, कोंबड्या येऊन गेल्या. मग त्यांनी घोडा उचलला. उंट नाही, घोडा. बरोबर जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

"बरोबर हाय का, मास्तर?"

"बरोबर हाय, अण्णा. आता माझंच काही खरं न्हाई."

तो डाव पुरा झाला नाही. अण्णांना बसल्याबसल्या झोप लागली. त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा पट मांडला असेल. हळूहळू ते माझे मोहरे आपले समजून हलवायला लागले. मी तसंच चालू द्यायचो. मग पट मांडणंही थांबलं, मी नुसता जाऊन बसायचो.

ते गेले तेव्हा मी ड्यूटीवर होतो, वडवणीला. नवा ड्रायव्हर चहा घेत होता. फोन आला तेव्हा गाडी सुटायला चार मिनिटं होती आणि भरलेली होती. ती सोडून जाता येईना. बीडला पोचून, दुसऱ्या गाडीनं चौसाळ्याला उतरून, गावापर्यंत जाईस्तोवर सगळं आटोपलं होतं. शेताच्या बांधाजवळ राख धुमसत होती. दोघं-तिघं भावकीतले लोक लांब लिंबाखाली बसले होते. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

दिवस झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी पुन्हा गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं नाव लई घ्यायचे. मास्तरमुळंच दुखणं कळलं म्हणायचे."

माझ्यानं ते ऐकवेना. मी त्यांना सांगून टाकलं. सापळ्यांचं, डेपोत मारलेल्या बढायांचं, मोहरे मोजून घेतले त्याचं, नऊ दिवसांचं, आणि साहेबांपुढे मी गप्प उभा राहिलो त्याचं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. आधी बोललो असतो, दिवाळीलाच माझ्या ध्यानात आलं असतं, तर गाठ लहान असताना निघाली असती, असंही म्हणालो. हे मी आजवर माझ्या घरीही बोललो नव्हतो.

वहिनींचे हात सुपात थांबले होते.

"ताटात डावीकडं वाढलेलं तसंच ऱ्हायचं त्यांच्या," त्या म्हणाल्या. "भाजी, चटणी, काय असंल ते. उजवीकडचं सगळं पुसून खायाचे अन् उठायचे. चार महिने. मला वाटायचं, माझ्या हातचं आता गोड लागत न्हाई. म्या दोन-तीनदा भांडले बी. एकदा तर तशीच उष्टी भाजी गाईपुढं टाकली अन् त्यांच्याशी बोललेच न्हाई दोन दिस."

मी वर बघितलं.

"ताट फिरवून ठिवलं असतं, तर खाल्ली असती की त्यांनी," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं. ताट फिरवायचं."

त्यांना रडू आलं नाही. निदान माझ्यासमोर नाही. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, एक खडा काढून अंगणात फेकला आणि विचारलं, "जेवून जाता का?"

मी हो म्हणालो. त्यांनी पिठलं केलं, भाकरी टाकल्या. आम्ही दोघं ओसरीवर समोरासमोर बसून जेवलो. ताट पुसून स्वच्छ करून मी उठलो, हात धुतले आणि साडेपाचच्या गाडीसाठी रस्त्याकडे निघालो.